डेटाबेसच्या पोटात – लेखांक ९ : झाशीचा कोड बदलतो तेव्हा

डिसेंबर २०२१ च्या अखेरीस उत्तर प्रदेश सरकारने अधिसूचना काढली आणि झाशीच्या रेल्वे स्थानकाला राणी लक्ष्मीबाईंचं नाव मिळालं. फलाटावरच्या पाट्या बदलल्या, उद्घोषणा बदलल्या. तिकिटावर छापला जाणारा ‘जेएचएस’ हा तीन अक्षरी कोडही गेला आणि त्याच्या जागी ‘व्हीजीएल’ने सुरू होणारा चार अक्षरी कोड आला. मुंबईकरांनी हे २०१७ मध्ये अनुभवलं होतं, सीएसटीएमचं सीएसएमटी झालं तेव्हा. मुगलसरायचं एमजीएस २०१८ मध्ये डीडीयू झालं, अलाहाबादचं एएलडी २०२० मध्ये पीआरवायजे झालं, भोपाळचं हबीबगंज २०२१ मध्ये राणी कमलापती झालं.

नाव बदलणं हा सरकारचा निर्णय असतो. डेटाबेस सांभाळणाऱ्याला त्यावर मत विचारलं जात नाही, पण तारीख मात्र त्यालाच पाळावी लागते. गेले दोन लेखांक आपण इंडेक्स कसा बांधला जातो ते पाहिलं. या आठवड्यात झाशी स्थानक समोर ठेवून एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे : चालू प्रॉडक्शनमध्ये डेटाबेस अचानक मंदावतो तो कशामुळे? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. यंत्र लहान पडलं हे कारण फार क्वचित असतं. आपण त्याला गरजेपेक्षा कितीतरी जास्त ओळींना हात लावायला लावतो, नाहीतर गरजेपेक्षा जास्त वेळ एखादी ओळ अडवून धरायला लावतो. आणि या दोन्ही गोष्टींचं बीज बहुतेक वेळा टेबल आखतानाच पडलेलं असतं.

झाशी निवडण्याचं कारण मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पंजाब मेल, झेलम, गोवा एक्स्प्रेस, पुष्पक या सगळ्या गाड्या झाशीवरून जातात आणि यातली एकही तिथे सुरू होत नाही की संपत नाही. २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वे अस्तित्वात येईपर्यंत झाशी विभाग मुंबईत मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेचाच भाग होता. मधलं, मोठं, गजबजलेलं जंक्शन. डेटाबेससाठी असं स्थानक पहिल्या किंवा शेवटच्या स्थानकापेक्षा कितीतरी अवघड असतं. का, ते पुढे येईलच.

रेल्वेचं संगणकीय आरक्षण दिल्लीत १९८५–८६ च्या सुमारास सुरू झालं, रेल्वेच्या संगणकीकरणासाठी ‘क्रिस’ ही संस्था १९८६ मध्ये उभी राहिली, ‘कॉन्सर्ट’ नावाची नवी प्रणाली १९९४ मध्ये सिकंदराबादला लागली आणि एप्रिल १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं तिने एकमेकांना जोडली. ती प्रणाली रिलेशनल डेटाबेस घराघरांत पोहोचण्याआधीच्या परंपरेतली. म्हणून आज प्रश्न रेल्वेचे घेऊ आणि टेबलं मात्र आपली आखू, पोस्टग्रेसमध्ये. खाली जिथे ‘समजा’ म्हटलंय तिथले आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत.

समजा, आपल्या ‘तिकीट’ टेबलात दहा कोटी ओळी आहेत. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ या दोन कॉलमांत स्थानकाचा कोड थेट लिहिलेला आहे, कारण ‘स्थानक’ टेबलाची प्रायमरी की म्हणून कोणीतरी कोडच घेतला. घेताना ते सोयीचं वाटलं असणार. कोड छोटा, प्रत्येक स्थानकाचा वेगळा, माणसाला वाचता येणारा. टेबल उघडलं की कळतं तिकीट कुठलं आहे. आणि कोड कधी बदलत नाहीत, अशी खात्रीही असणार.

आता बदलाचा दिवस. फॉरेन कीवर ‘ऑन अपडेट कॅस्केड’ लावलेलं आहे, म्हणजे ‘स्थानक’ टेबलातली एक ओळ बदलली की तिकिटं आपोआप बदलतील. लिहायला एका ओळीची आज्ञा. आत काय होतं ते बघू. समजा, शंभरातलं एक तिकीट झाशीला लागणारं आहे, म्हणजे दहा लाख ओळी. पोस्टग्रेस ओळ जागच्या जागी बदलत नाही. ओळीची नवी प्रत लिहितं आणि जुनी मृत म्हणून खूण करून ठेवतं. बदललेला कॉलम कुठल्याच इंडेक्समध्ये नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर इंडेक्सांना हात न लावता काम भागतं. इथे नेमका इंडेक्समधलाच कॉलम बदलतोय. मग टेबलावर पाच इंडेक्स असतील तर पाचही इंडेक्समध्ये नव्या प्रतीची नोंद घालावी लागते. दहा लाख नव्या ओळी, पन्नास लाख इंडेक्स नोंदी, तेवढाच लॉग, आणि तो लॉग रेप्लिकापर्यंत पोहोचवण्याचं काम. हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. ते संपेपर्यंत त्या दहा लाख ओळींवर लॉक. त्या वेळात झाशीच्या कुणा प्रवाशाने तिकीट रद्द करायला घेतलं तर त्याची आज्ञा रांगेत उभी राहणार आणि त्याच्या फोनवर चक्र फिरत राहणार.

यात आणखी एक मेख आहे आणि ती फार लोकांना माहीत नसते. पोस्टग्रेस प्रायमरी कीवर स्वतःहून इंडेक्स बांधतं, पण फॉरेन कीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे तिकीट टेबलातल्या ‘कुठून’ आणि ‘कुठे’वर बांधत नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी बांधतं. म्हणून मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर आलेली मंडळी इथे हमखास अडखळतात. तो इंडेक्स नसेल तर झाशीची तिकिटं शोधायला डेटाबेस दहाच्या दहा कोटी ओळी वाचून काढतो, ‘कुठून’साठी एकदा आणि ‘कुठे’साठी पुन्हा एकदा.

असं टेबल वारशात मिळालंच असेल तर रस्ता असा. जुनी ओळ बदलायला जाऊच नये. ‘स्थानक’ टेबलात नव्या कोडची नवी ओळ घालावी. नवी तिकिटं नव्या कोडवर निघू लागली की जुनी तिकिटं पाच-दहा हजारांच्या तुकड्यांनी हलवावीत, प्रत्येक तुकड्यानंतर कमिट करावं, रेप्लिका किती मागे पडलाय ते बघावं, मागे पडला असेल तर थांबावं. मृत ओळी उचलायला ऑटोव्हॅक्यूमला उसंत मिळते आणि कुणाचंही तिकीट क्षणभरापेक्षा जास्त अडत नाही. काम एका रात्रीत न होता आठवडाभर चालतं. चालू द्यावं. ज्या मॅनेजरला ते ‘आजच्या आज’ हवं असतं त्याला वरचा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. माझा अनुभव असा की आकडा समोर ठेवला की लोक ऐकतात.

आणि टेबल नव्याने आखायचं असेल तर स्थानकाला एक साधा पूर्णांक द्यावा, ज्याला काहीही अर्थ नाही आणि म्हणून जो बदलायचं कुणालाच कारण नाही. कोड आणि नाव वेगळ्या टेबलात ठेवावं, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखांसह. झाशीचा कोड बदलला की त्या टेबलात एक ओळ बंद होते, एक नवी उघडते. दहा कोटी तिकिटांपैकी एकालाही स्पर्श नाही. शिवाय २०१९ च्या तिकिटाची प्रत कुणी मागितली तर तिच्यावर तेव्हाचाच कोड छापता येतो, आणि माझ्या मते तोच छापला पाहिजे. तो दस्तऐवज आहे, मागे जाऊन त्यात खाडाखोड करू नये.

रेल्वेच्याच इतिहासातलं आणखी एक उदाहरण इथे जोडतो. २० डिसेंबर २०१० ला देशभरातल्या गाड्यांचे क्रमांक चार आकडी होते ते पाच आकडी झाले. गाडी क्रमांकाचा कॉलम ‘चार अक्षरांपर्यंत’ असा व्हारकॅर असेल तर आजच्या पोस्टग्रेसमध्ये तो पाचपर्यंत वाढवायला टेबल नव्याने लिहावं लागत नाही. तोच कॉलम ‘नेमकी चार अक्षरं’ असा कॅर असेल तर अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जातं आणि तोवर कुणाला वाचतासुद्धा येत नाही. टाइप निवडताना एका शब्दाचा फरक, पण बदलाच्या दिवशी एकीकडे निमिषार्ध आणि दुसरीकडे तासन्‌तास. अशी कुठलीही आल्टर आज्ञा प्रॉडक्शनवर चालवण्याआधी लॉक टाइमआउट दोन-तीन सेकंदांचा लावावा. नाहीतर कुणाचातरी लांबलेला रिपोर्ट चालू असतो, आल्टर त्याच्यामागे थांबते, आणि आल्टरच्या मागे बाकीचं सगळं जग.

आता येतो त्या भागाकडे ज्यासाठी खरंतर मी झाशीचं उदाहरण घेतलं. समजा, कॅस्केडच्या भानगडीत न पडता ठरवलं की जुनी तिकिटं जुन्या कोडवर राहू देत, फक्त नवी नव्या कोडवर. एकही ओळ बदलली नाही, कुठे लॉक नाही, सगळे खूश. आणि पंधरा-वीस दिवसांनी झाशीचा आरक्षण तक्ता काढणारी क्वेरी, जी दोन सेकंदांत यायची, ती मिनिट-मिनिट घ्यायला लागते. बाकी सगळ्या स्थानकांची तशीच झटपट. प्रोग्रॅम बदलला नाही, सर्व्हर बदलला नाही, इंडेक्स जागच्या जागी. मग झालं काय?

क्वेरी कशी सोडवायची हे पोस्टग्रेसचा प्लॅनर आधी ठरवतो आणि ते अंदाजावर ठरवतो. अंदाजासाठी तो दहा कोटी ओळी मोजत बसत नाही. ‘अ‍ॅनालाइझ’ चालतं तेव्हा नेहमीच्या सेटिंगवर साधारण तीस हजार ओळींचा नमुना घेतला जातो. त्यावरून प्रत्येक कॉलममधली सर्वांत जास्त वेळा येणारी जास्तीत जास्त शंभर मूल्यं आणि त्यांचा वाटा टिपून ठेवला जातो. झाशी मोठं जंक्शन, तेव्हा ‘जेएचएस’ त्या शंभरांत असणारच. वाटा एक टक्का. प्लॅनरला ‘जेएचएस’ विचारलं की तो बरोबर सांगायचा, दहा लाख.

नवा कोड त्या यादीत नाही. यादीबाहेरच्या मूल्यासाठी प्लॅनर सरासरी काढतो : मोठ्या शंभर स्थानकांनी साठ टक्के तिकिटं व्यापली असं समजू, उरली चार कोटी. देशात स्थानकं सात हजारांहून अधिक. चार कोटींना सात हजारांनी भागा, साधारण पाच हजार सातशे. म्हणजे प्लॅनरच्या लेखी झाशी आता एखाद्या आडवळणाच्या छोट्या स्थानकाएवढी झाली.

पण नवी आकडेवारी आपोआप गोळा होते ना? होते, पण केव्हा? ऑटोव्हॅक्यूमचा नेहमीचा नियम असा की टेबलाच्या दहा टक्के ओळी बदलल्या की अ‍ॅनालाइझ चालवायचं. दहा कोटींचे दहा टक्के म्हणजे एक कोटी. एक कोटी नवी तिकिटं निघेपर्यंत प्लॅनर जुन्याच माहितीवर चालणार, आणि तोवर नव्या कोडची तिकिटं एक लाखाच्या घरात गेलेली असणार. अंदाज पाच हजार सातशे, प्रत्यक्षात एक लाख.

पाच हजार ओळींसाठी जी पद्धत स्वस्त, ती लाखासाठी महाग असते. थोड्या ओळी आहेत असं वाटलं की प्लॅनर नेस्टेड लूप निवडतो : प्रत्येक तिकिटासाठी प्रवासी टेबलाच्या इंडेक्समध्ये उतरायचं, ओळ काढायची, परत यायचं. लाख ओळी आहेत हे माहीत असतं तर त्याने हॅश जॉइन निवडला असता, दुसरं टेबल एकदाच वाचून मेमरीत मांडलं असतं. आणि क्वेरीत तीन-चार टेबलं जोडलेली असतील तर पहिल्या टप्प्यावरची चूक पुढे गुणली जाते.

हे पकडायचं कसं? क्वेरीच्या आधी ‘एक्स्प्लेन’ लावा आणि त्याला ‘अ‍ॅनालाइझ’ व ‘बफर्स’ हे दोन पर्याय द्या. जे उमटतं त्यात प्रत्येक पायरीवर ‘रोज’ हा शब्द दोनदा दिसतो. पहिला आकडा प्लॅनरचा अंदाज, दुसरा प्रत्यक्ष. आपल्या उदाहरणात एका पायरीवर ५,७०० च्या शेजारी १,०४,००० असं काहीतरी दिसेल. वेळेच्या आकड्यांकडे नंतर बघा, आधी या दोन आकड्यांची जोडी सगळ्यात आतल्या पायरीपासून बाहेर वाचत या. जिथे दोघांची पहिली मोठी फारकत दिसते तिथे दुखणं आहे. त्याच्या वरचं सगळं त्याचे परिणाम. एक काळजी घ्या : प्रत्यक्षाचा आकडा दर फेरीचा असतो. शेजारी ‘लूप्स’ १,०४,००० लिहिलं असेल आणि ‘रोज’ १, तर त्या पायरीने एक लाख चार हजार ओळी काढल्या आहेत. ही ‘१’ बघून ‘इथे काहीच नाही’ म्हणून पुढे गेलेले अनुभवी डीबीए मी पाहिले आहेत.

उपाय अगदीच साधा. कोड बदलल्यानंतर दोन-चार दिवसांनी, पुन्हा आठवड्याने, हाताने अ‍ॅनालाइझ चालवायचं. नमुना तीस हजारांचाच असल्याने एवढ्या मोठ्या टेबलावरही ते सहसा लवकर उरकतं आणि वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या कुणालाही अडवत नाही. या टेबलापुरता दहा टक्क्यांचा नियम एक टक्क्यावर आणायचा. पोस्टग्रेस तशी मुभा टेबलवार देतं. स्थानकाच्या कॉलमसाठी शंभर मूल्यांची यादी हजारापर्यंत वाढवायची. आणि गाडी व स्थानक हे दोन कॉलम क्वेरीत नेहमी जोडीने येत असतील तर त्या जोडीची एकत्र आकडेवारी ठेवायला सांगायचं, कारण प्लॅनर एरवी दोन्ही वाटे स्वतंत्र धरून सरळ गुणाकार करतो. पंजाब मेल झाशीला थांबते, कोकणकन्या त्या बाजूला फिरकतही नाही. गुणाकाराला हे कुठून कळणार? जोडीतली ठळक मूल्यं टिपण्याची ही सोय आवृत्ती १२ पासून आहे आणि मला ती फारच कमी ठिकाणी वापरलेली दिसते.

आता मधल्या स्थानकाची अडचण. पंजाब मेलमधला एक बर्थ. भुसावळहून झाशीपर्यंत एकाने घेतला, झाशीहून नवी दिल्लीपर्यंत दुसऱ्याने. दोघांत भांडण नाही. पण भोपाळ ते ग्वाल्हेर कुणी मागितला तर तो दोघांवरही आदळतो, कारण झाशी भोपाळ आणि ग्वाल्हेरच्या मध्ये आहे. म्हणजे ‘हा बर्थ विकला आहे का’ या प्रश्नाला हो-नाही असं उत्तरच नाही. कुठून कुठपर्यंत ते सांगा, मग उत्तर.

सर्रास लिहिला जाणारा कोड आधी सिलेक्ट करतो, आदळणारं आरक्षण नाही असं बघतो, आणि मग इन्सर्ट करतो. या दोघांच्या मधल्या काही मिलिसेकंदांत दुसऱ्या खिडकीवरून तेच झालेलं असू शकतं. दोघांनाही बर्थ मोकळा दिसला, दोघांनीही विकला. चाचणीत हे सापडत नाही, कारण चाचणी करणारा एकटा असतो. मग घाबरून कोणीतरी अख्ख्या टेबलावर लॉक लावतो आणि सगळ्या देशाची विक्री एका फाटकातून जायला लागते.

पोस्टग्रेसमध्ये यावर एक देखणं उत्तर आहे. थांब्यांना क्रमांक द्या. समजा भुसावळ ७, भोपाळ १५, झाशी २०, ग्वाल्हेर २२, नवी दिल्ली २८. आरक्षण म्हणजे ‘७ ते २०’ असा टप्पा, रेंज टाइपचा. आणि टेबलावर एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट : गाडीची धाव तीच, डबा तोच, बर्थ तोच आणि टप्पे एकमेकांवर चढणारे, अशा दोन ओळी असूच शकत नाहीत. टप्प्याचं डावं टोक धरायचं, उजवं सोडायचं. त्यामुळे ‘७ ते २०’ आणि ‘२० ते २८’ एकमेकांना लागतात पण चढत नाहीत. झाशीला एक उतरतो, त्याच बर्थवर दुसरा चढतो, डेटाबेसला ते मान्य. तपासणी इंडेक्सच करतो, शर्यत उरत नाही.

मी स्वतः मात्र एकदम गर्दी होणाऱ्या विक्रीसाठी याहून साधी मांडणी पसंत करतो. दर बर्थला एक ओळ आणि तिच्यात चौसष्ट बिटांचा एक बिगइंट. एकेक बिट म्हणजे दोन थांब्यांमधला एकेक तुकडा. विकला की बिट चढवायचा. मागणीचे बिट आणि ओळीतले बिट यांचा ‘अँड’ शून्य आला की बर्थ मोकळा. या अटीला इंडेक्सचा उपयोग नाही हे खरं, पण जुन्या शयनयान डब्यात बर्थ ७२. बहात्तर ओळी वाचायला इंडेक्स लागत नाही. त्या सगळ्या मेमरीतल्या एक-दोन पानांत मावतात. प्रत्येक क्वेरीला इंडेक्स हवाच हा समज मला इथे मोडायचा आहे. तुकडे चौसष्टाच्या पुढे जाणारी गाडी आली तर मात्र बिट स्ट्रिंग घ्यावी लागेल.

या मांडणीचा खरा फायदा सकाळी दहाला दिसतो. तत्काळची खिडकी वातानुकूलित वर्गांसाठी दहाला आणि बाकीच्यांसाठी अकराला उघडते. २०१५ मध्ये दोन्हींच्या वेळा वेगळ्या केल्या तेव्हा रेल्वेने एका शिखराची दोन शिखरं केली, आणि कुठलंही नवं यंत्र न घेता भार वाटून देण्याचा याहून स्वच्छ नमुना मला दुसरा आठवत नाही. तरीही दहा वाजून पहिल्या मिनिटाला एकाच गाडीच्या मागे हजारो लोक असतात. ‘शिल्लक जागा’ अशी एकच मोजणीची ओळ ठेवली असेल तर सगळे त्या एका ओळीवर येऊन थांबतात. हिशेब करू. एका ट्रान्झॅक्शनने ती ओळ वीस मिलिसेकंद धरून ठेवली तर सेकंदाला पन्नास, मिनिटाला तीन हजार विक्री. सोळा कोअरच्या जागी चौसष्ट कोअर आणा, तीन हजारच. लॉकची रांग कोअरने तुटत नाही.

आणि वीस मिलिसेकंद ही चांगली स्थिती झाली. मी काम पाहिलेल्या एका ठिकाणी, रेल्वेशी संबंध नसलेल्या, पैसे भरण्याचा टप्पा ट्रान्झॅक्शनच्या आत होता. ओळ धरायची, बँकेला विचारायचं, ओटीपी यायची वाट बघायची, मग कमिट. ओटीपीला चाळीस सेकंद लागले तर त्या ओळीवरून मिनिटाला दीड विक्री होते. तिथे सर्व्हर दोनदा वाढवून झाला होता. शेवटी ट्रान्झॅक्शन दोन तुकड्यांत तोडलं : आधी जागा दहा मिनिटांच्या मुदतीने राखून कमिट, मग पैसे, मग पक्कं करणारं दुसरं छोटं ट्रान्झॅक्शन, मुदत उलटली की जागा परत मोकळी. त्यानंतर वाढवलेल्या सर्व्हरची गरजच उरली नाही.

बर्थवार ओळी असतील तर ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ला ‘स्किप लॉक्ड’ जोडता येतं. पोस्टग्रेसमध्ये ते आवृत्ती ९.५ पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये ८ पासून. दुसऱ्याने धरलेली ओळ आली की तिथे न थांबता पुढची बघायची. बहात्तर बर्थ म्हणजे बहात्तर स्वतंत्र रांगा. प्रतीक्षायादीला मात्र हे चालत नाही. तिथे क्रमांक सलग हवा आणि आधी आलेल्याला आधी मिळाला पाहिजे, त्यामुळे एक मोजणीची ओळ अटळ. ती फक्त जितकी कमी वेळ धरता येईल तितकी कमी. रेल्वेत एकाच गाडीच्या निरनिराळ्या कोट्यांच्या प्रतीक्षायाद्या वेगळ्या असतात, मधल्या महत्त्वाच्या स्थानकांची वेगळी, पूल्ड कोट्याची वेगळी. हेतू जागावाटपाचा, पण ज्या टेबलात कोट्यागणिक मोजणीची ओळ वेगळी असते तिथे लॉकची गर्दीही आपोआप विभागते.

दहाच्या गर्दीत आणखी एक चूक हमखास होते : ‘कनेक्शन्स संपली’ असा एरर आला की कमाल कनेक्शनची मर्यादा शंभरावरून हजारावर नेली जाते. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे वेगळी प्रोसेस. सोळा कोअरवर हजार प्रोसेस सक्रिय झाल्या की त्या एकमेकांना ढकलण्यातच वेळ घालवतात, प्रत्येक ट्रान्झॅक्शन लांबतं, लॉक जास्त वेळ धरले जातात, आणि मंदपणा वाढतच जातो. पोस्टग्रेसवाल्यांचा जुना ठोकताळा कोअरच्या दुपटीच्या आसपास सक्रिय कनेक्शन ठेवण्याचा आहे; पुढे पीजीबाउन्सर हा कनेक्शन पूलर लावून बाकीच्यांना डेटाबेसच्या बाहेर रांगेत उभं करायचं.

रांग कमी करण्याचा सर्वांत मोठा मार्ग मात्र वेगळाच आहे, आणि तो आयआरसीटीसीने २०१४ मध्ये घेतला. त्या वर्षी नवी ई-तिकीट प्रणाली आली तेव्हा वारंवार वाचली जाणारी माहिती जेमफायर या मेमरीतल्या डेटा ग्रिडवर आणली गेली आणि क्षमता मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० वर गेली. रेल्वे मंत्रालयाने जून २०२५ मध्ये दिलेले आकडे पाहा : तेव्हाच्या आरक्षण प्रणालीची क्षमता मिनिटाला ३२,००० तिकिटं आणि ४ लाख चौकशा; नव्या प्रणालीसाठी दीड लाख तिकिटं आणि ४० लाख चौकशा. तिकिटांची क्षमता पाचपटीच्या जवळ, चौकशीची दहापट. म्हणजे एका तिकिटामागे तेव्हाच्या प्रणालीत साडेबारा चौकशांची तरतूद होती, नव्या प्रणालीत सव्वीस-सत्तावीसची. आपल्याकडच्या कुठल्याही दुकानाच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या डेटाबेसला हे लागू आहे : लोक विचारतात खूप, करतात थोडं. झाशीला जागा आहे का, या उत्तरात पाच सेकंदांची शिळी माहिती चालते. ते रेप्लिकाकडून किंवा कॅशेतून द्यावं. बर्थ देण्याचा निर्णय मात्र मुख्य डेटाबेसवरच, त्या क्षणीची ओळ वाचून.

आता या आठवड्याचा गृहपाठ. आपल्या पोस्टग्रेसवर पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन चालू आहे का ते पाहा. ते शेअर्ड प्रीलोडमध्ये घालून सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो, म्हणून रात्रीची वेळ निवडा. दोन दिवस चालू द्या. मग यादी सरासरी वेळेनुसार न लावता एकूण वेळेनुसार लावा. रोज एकदा चालणारा आठ सेकंदांचा रिपोर्ट सगळ्यांच्या डोळ्यांत सलतो. पण तीन मिलिसेकंदांची एखादी क्वेरी सेकंदाला दोन हजार वेळा चालत असेल तर ती दर सेकंदाला सहा सेकंदांचं काम मागते, म्हणजे सहा कोअर तिच्या एकटीच्या नावावर. ती तीनवरून एका मिलिसेकंदावर आणली तर चार कोअर सुटतात. यादीतल्या पहिल्या पाचांना एक्स्प्लेन लावा आणि अंदाज व प्रत्यक्ष यांची जोडी वाचून प्रत्येकीपुढे फारकत किती पटींची ते लिहून ठेवा.

वर मृत ओळी उचलणाऱ्या ऑटोव्हॅक्यूमचा उल्लेख दोनदा ओझरता येऊन गेला. तो वेळेवर का येत नाही, आणि एक विसरलेलं उघडं ट्रान्झॅक्शन अख्ख्या डेटाबेसची सफाई कशी रोखून धरतं, ते पुढच्या आठवड्यात.